लाईन बंद, हळदीकुंकू चालू

विश्रांतवाडी, पुणे

प्रिय अक्का,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरात सगळे धड आहेत. मुक्ताचे गुडघे होते तसेच आहेत, तुझ्या भाच्याची, इंद्रजीतची, नोकरी चालू आहे आणि मलाही काही झालेलं नाही. फक्त परवापासून पोटात गोळा आलाय, पण तो आनंदाचा आहे असं मुक्ता म्हणते. हाताशी फोन असताना हा पत्र का लिहीत बसलाय असं तुझ्या मनात येईल. ते सांगणार आहे, पण आधी बातमी सांगू दे, नाहीतर माझा जीव जाईल. आपल्या सूनबाईला, भाग्यश्रीला, बक्षीस मिळालंय. होळीच्या आधीच्या शनिवारी शिवाजीनगरला एका मोठ्या हॉटेलात कार्यक्रम आहे आणि तिथे स्टेजवर तिचं नाव पुकारणार आहेत. तिचं म्हणजे आपलंच आडनाव. मी ते मनातल्या मनात पुकारून बघतोय.

बक्षिसाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, मला ते अजून धड म्हणता येत नाही. पण अर्थ तिने नीट समजावला. बाई असो की पुरुष, धडधाकट असो की अपंग, कुठल्याही जातीधर्माचा असो, कामाच्या जागी कोणाला कमी लेखू नये आणि कोणी कोपऱ्यात राहू नये, म्हणून जी माणसं आणि ज्या कंपन्या झटतात त्यांना निवडून हा मान देतात. एक बक्षीस कारखान्याला आहे आणि एक भाग्यश्रीला, तिच्या नावाने. मी मुक्ताला म्हणालो, आपल्या घरात असलं बक्षीस आजवर आलं नव्हतं. ती म्हणाली, "आपल्या घरात असलं काही केलंय तरी कोणी?" मी पेपरवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, खाली इस्त्रीवाल्याला सांगितलं, आणि मग दृष्ट लागेल म्हणून घाबरलो. मुक्ता म्हणाली, "आता घाबरून काय उपयोग? अर्ध्या विश्रांतवाडीला कळलंय. उरलेल्या अर्ध्यांना झोपू दे जरा."

पण अक्का, एक गोष्ट अडली आहे आणि तीच मला खाते आहे. भाग्यश्री स्टेजवर जायला अजून हो म्हणालेली नाही. तिथे बक्षीस घेऊन थोडं बोलायचं असतं, हे सगळं कसं सुरू झालं ते लोकांना सांगायचं असतं. ती म्हणते, मी आत्ता काही सांगू शकत नाही. कारखान्याचे साहेब तिला रोज विचारतात आणि घरी मी विचारतो. बक्षीस दुसऱ्या कोणाला दिलं तर काय, साहेब चिडले तर काय, नोकरीवर आलं तर काय, असं माझ्या डोक्यात फिरत राहतं. ती शांतपणे भाजी चिरत म्हणते, "अण्णा, तुम्ही चहा घ्या."

तिचं काम तू पाहिलेलं नाहीस, म्हणून आधी ते सांगतो. धानोरीच्या पुढे तिचा कारखाना आहे. मोटारीच्या आत वायरींचा एक भला मोठा जुडगा असतो, तो या बायका बांधतात. आडव्या फळीवर खिळ्यासारखे टेकू असतात, त्यांतून वायरी ओढायच्या, टेप गुंडाळायची, की फळी सरकत पुढच्या बाईकडे जाते. एक बाई जागेवरून हलली की पुढच्या सगळ्या अडतात. भाग्यश्री टेप गुंडाळायच्या कामावर लागली होती, आता त्या अख्ख्या लाईनची प्रमुख आहे. मी खडकीच्या कारखान्यात एवढी वर्षं ओझी वाहिली, पण माझ्या हाताखाली कधी एक माणूस नव्हता. तिच्या शब्दावर अख्खी लाईन चालते. मी एकदा फाटकाबाहेरून बघायला गेलो होतो, वॉचमनने मला हाकललं. भाग्यश्रीचा सासरा आहे म्हटल्यावर त्यानेच खुर्ची दिली.

तर त्या कारखान्यात संक्रांतीनंतर बायकांचं हळदीकुंकू व्हायचं. जुनी पद्धत. साहेबांच्या बायका यायच्या, वाण द्यायच्या, वरच्या हॉलमध्ये फोटो निघायचे. पण माल वेळेवर जायचा असतो, लाईन थांबवून चालत नाही. म्हणून काही बायका वर जायच्या आणि काही खाली त्यांच्या जागा धरायच्या. कोणी कोणाच्या जागी उभं राहायचं हे कधी कोणी ठरवलं नाही. कल्याणी उभी राहायची, तिचा नवरा अपघातात गेलेला. नवऱ्याने टाकलेल्या दोघी उभ्या राहायच्या. शेफाली उभी राहायची. शेफाली जन्माने मुलगा होती, आता बाई म्हणून जगते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गोंधळलो होतो. मग ती एकदा घरी जेवायला आली आणि मुक्ताला म्हणाली, "काकू, गवारीत कूट जास्त झालंय." तेव्हापासून मुक्ता तिलाही बाकीच्या पोरींसारखंच टाकून बोलते. तर या सगळ्या आपणहून फळीपाशी जायच्या आणि सुपरवायझर खूश व्हायचा, की बघा, किती समजूतदार बायका आहेत, सांगावंसुद्धा लागत नाही.

भाग्यश्री प्रमुख झाली त्या वर्षी तिने ठरवलं, हे बंद करायचं. आणि तिथे ती चुकली, अक्का. हे ती स्वतःच सांगते, मी चुगली करत नाही. सगळ्यांच्या देखत तिने कल्याणीला नावाने हाक मारली, "चल, आज तुला मी कुंकू लावणार," आणि लावलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने फोटो काढला. कल्याणी खांबासारखी उभी राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला आलीच नाही. भाग्यश्रीला वाटलं, सासरी कोणी बोललं असेल. ती तिच्या घरी गेली. कल्याणी म्हणाली, "ताई, घरचं कोणी काही बोललं नाही. पण माझ्या कपाळाला हात लावायच्या आधी मला कोणी विचारतच नाही. पुसलं तेव्हाही विचारलं नाही, लावलं तेव्हाही नाही. तुम्ही विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हणाले असते."

त्या दिवशी भाग्यश्री घरी आली ती जेवलीच नाही. मला वाटलं ताप आला, मी थर्मामीटर शोधत बसलो. तिने हे सगळं मुक्ताला सांगितलं, आणि मुक्ताने टोमणा न मारता तिचं ताट झाकून ठेवलं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

कल्याणी काही दिवसांनी कामावर परतली, आणि पुढच्या वर्षी भाग्यश्रीने वेगळंच केलं. संक्रांतीच्या कितीतरी आधीपासून डबा खाताना, बसमध्ये, हात धुताना ती एकेकीला बाजूला घेऊन विचारायची, तुला या दिवशी काय आवडेल? कोणी म्हणाली कुंकू. कोणी म्हणाली नुसतं फूल पुरे. एकीचा धर्म वेगळा, ती म्हणाली तिळगूळ चालेल, बाकी नको, पण मला बोलवा. एक म्हणाली मला बाकी काही नको, फक्त तेवढा वेळ बसू द्या. आणि कल्याणी म्हणाली, "मला लावून घ्यायचं नाही. मला लावायचंय. करंडा माझ्या हातात द्या." अक्का, हे ऐकून मी उठून गॅलरीत गेलो होतो.

मग लाईनचा प्रश्न आला. सगळ्याच जायच्या तर फळीपाशी कोण? भाग्यश्री साहेबांकडे गेली, म्हणाली लाईन बंद ठेवायची. साहेब म्हणाले, "आणि माल?" ती म्हणाली, "दसऱ्याला मशीनची पूजा होते तेव्हा सगळं बंद असतं ना साहेब, तेव्हा माल कुठे जातो?" मला हे घरी कळलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. साहेबाला असं बोलतात का? पण साहेब हसले आणि हो म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा फळ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. हळदीकुंकू वरच्या हॉलमध्ये नाही, खाली लाईनवरच झालं, मशीनच्या मधोमध. कल्याणी करंडा घेऊन उभी, शेफाली वाण वाटत होती. ट्रॉली ओढणारा बजरंग लांबून म्हणाला, "आम्हालाही विचारा की कोणीतरी." शेफालीने विचारलं. तो म्हणाला, "तिळगूळ दोन द्या आणि संध्याकाळपर्यंत गोड बोला, बास."

तेव्हापासून तिथे विचारायची सवयच लागली. पायाने अधू असलेल्या एकीला तिच्या उंचीचं स्टूल करून दिलं, तिला विचारून. शेफालीच्या गळ्यातल्या कार्डावर तिला हवं ते नाव आलं. लहान लेकरांच्या आयांना कामाची पाळी कोणती सोयीची हे विचारून ठरतं. बक्षीसवाल्यांकडून एक बाई बघायला आल्या होत्या, बारीक केसांच्या, फार हुशार. त्या साहेबांच्या खोलीत बसल्याच नाहीत, थेट कॅन्टीनमध्ये बायकांच्या मधे बसल्या आणि कल्याणीकडून सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी भाग्यश्रीला विचारलं, हे तुम्हाला सुचलं कुठून? भाग्यश्री म्हणाली, "ते घरातलं आहे. विचारून सांगते."

आणि ते घरातलं म्हणजे काय, हे मी तिच्याकडून परवा काढून घेतलं. म्हणजे इतकं छळलं की तिने सांगून टाकलं. अक्का, ते तुझं आहे. लग्नानंतरची तिची पहिली संक्रांत गावी झाली, आठवतंय? पहाटेपासून तीळ तू भाजलेस, गूळ तू चिरलास, लाडू तू वळलेस, वाणाची सुपं तू लावलीस. आणि पहिली सवाशीण ओट्यावर आली तशी तू आत गेलीस आणि मधलं दार आपल्या हाताने लोटून घेतलंस. कोणी सांगितलं नव्हतं. भाग्यश्री पाणी घ्यायला आत आली तेव्हा तू दाराशी बसून, नुसत्या आवाजावरून कोण कोण आलंय ते ओळखत होतीस आणि स्वतःशीच हसत होतीस. तिला म्हणालीस, "आत काय करतेस गं, जा बाहेर, तुझा दिवस आहे," आणि तिचा गजरा नीट केलास. ती म्हणते, "अण्णा, फळीपाशी उभ्या राहिलेल्या बायका बघितल्या की मला आत्याबाईच दिसायच्या."

आता माझा गोळा कशाचा आहे ते तुला कळलं असेल. मी तिला म्हणालो, मग सांग की हे स्टेजवर, हॉल उभा राहील. ती म्हणाली, "राहील. पण गोष्ट आत्याबाईंची आहे. एकदा न विचारता हात लावून बसले, आता परत नाही. दुसरं काहीतरी खोटं सांगायला मी जाणार नाही." मी फोन उचलला, तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "तुम्ही गळ घालाल, रडाल, आणि त्या तुमच्या भिडेने हो म्हणतील. पत्र लिहा. त्यांना दोनदा वाचता येईल, पाहिजे तर ठेवून देता येईल." म्हणून हे पत्र, अक्का. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुझी ती संक्रांत तिने तिथे सांगितली तर चालेल का, आणि बक्षीस घेताना स्टेजवर आपलं एक माणूस सोबत नेता येतं, तर तू तिच्यासोबत येशील का. तू नको म्हणालीस तर बक्षीस आणायला साहेब जातील आणि ती तुझ्यावर काडीचा राग धरणार नाही. हे सांगितलं तर गळ घातल्यासारखं होतं, न सांगितलं तर लपवल्यासारखं होतं, म्हणून मी हा कागद दोनदा फाडून पुन्हा लिहिलाय. मला काय वाटतं ते मी लिहीत नाही, तुला ते माहीत आहे. आलीस तर एसटीवर न्यायला मी येईन. पण कपाळाला काही लावायचं की नाही, गजरा घ्यायचा की नाही, तिच्या शेजारी उभं राहायचं की नुसतं समोर बसून ऐकायचं, यातलं काहीही आम्ही कोणी ठरवलेलं नाही. तू सावकाश विचार कर आणि मला एवढंच कळव, अक्का, तुला काय आवडेल?

तुझाच धाकटा,
वैजनाथ