'सर्टन' आणि 'माहीत नाही'

ता. ९ फेब्रु. १९२६, मंगळ.
दुपारी गिरणीतून गंगूला आणलं. घोंगडीत घालून, चौघांनी. वीस-बावीसची असेल, माहेर करमाळ्याकडचं. यंत्राच्या पट्ट्यात उजवा हात गेलेला. मनगटापासून खाली कातडं सोललेलं, जखमेत काळं वंगण घुसलेलं, दंडावर पट्टा घासून भाजल्यासारखा चट्टा. मोठ्या डॉक्टरांनी तीन बोटं काढली. क्लोरोफॉर्म मी दिला. तोंडाला दारूचा वास येत होता. तसं टिपून ठेवलं.


ता. १०, बुध.
गंगू शुद्धीवर. हात बघून म्हणाली, "बाई, बाकीची बोटं कुटं?" सांगितलं. रडली नाही. भिंतीकडे तोंड केलं.
वासाबद्दल विचारलं. "जॉबरनं पाजली की वो. कळ सोसंना म्हनून. हात गेल्यावर." जॉबर म्हणजे त्यांच्या खात्यावरचा मुकादम. तिची आई मध्येच म्हणाली, "माजी पोर थेंबाला शिवत न्हाय." असेल. मी तिथं नव्हते.

ता. १२, शुक्र.
मोठ्या डॉक्टरांनी (मो. डॉ.) खोलीत बोलावलं. भरपाई ठरवणाऱ्या साहेबाकडे माझा इंग्रजी रिपोर्ट जायचा आहे. गिरणीचं म्हणणं असं: बाई पिऊन आली, दारात पडली, हात दारात चेंगरला. प्यायलेली होती असं ठरलं की भरपाई बुडाली. आणि आमचा दवाखाना चालतो गिरणीमालकांच्या देणगीवर. हे कुणी बोलत नाही.
मी लिहिलं होतं, हात पट्ट्यातच सापडला, 'आय ॲम सर्टन', माझी खात्री आहे. दारू आधी घेतली की नंतर, 'आय डू नॉट नो', माहीत नाही.
मो. डॉ.नी तांबडी पेन्सिल चालवली. पट्ट्यापुढे घातलं 'इट मे पॉसिब्ली बी', म्हणजे असूही शकेल, कदाचित. दारूपुढे 'देअर इज नो डाउट'. आधीच प्यायली होती, शंकाच नाही!
"बाई, सभ्य इंग्रजीत माणूस इतका ठासून लिहीत नाही. विलायतेत हसतील."
"मग दारूबद्दल इतकं ठासून कसं लिहायचं, सर?"
"ते वेगळं."
 सोमवारपर्यंत सुधारून द्या म्हणाले.

ता. १३, शनि.
दादाला कागद दाखवला. माझा भाऊ, हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. मलाही त्यानंच शिकवलं. चष्मा पुसून दोनदा वाचला.
"व्याकरणात तुझंही बरोबर, त्यांचंही बरोबर. पट्ट्यापुढे 'मे' लिही, माई. नोकरी राहील आणि वाक्यही खोटं ठरणार नाही."
म्हणूनच नको. खोटं असतं तर निदान कुणी पकडलं तरी असतं.
त्याला हे बोलले नाही, फार चिडले होते. विधवा बहिणीला डॉक्टरी शिकवली म्हणून त्यानं कमी ऐकून घेतलेलं नाही. तो भितो ते माझ्यासाठी. पण आता वाकले तर शिकले कशाला?

ता. १५, सोम.
रिपोर्ट दिला. एक शब्द बदलला नाही. उलट 'सर्टन'च्या खाली कारणं जोडली: वंगण, सोललेल्या कातड्याची दिशा, दंडावरचा चट्टा. दारात चेंगरलेला हात असा दिसत नाही.
मो. डॉ. वाचून म्हणाले, "तुम्ही हट्टी आहात."
"हो सर."


ता. २ मार्च, मंगळ.
गंगूला घरी सोडलं. डाव्या हातानं पदर सावरायला शिकलीय. तिच्या आईनं माझे हात धरले. "बाई, येवडं लिवा की, पोर प्याली नव्हती म्हनून. तुमच्या एका अक्षरानं हुतंय."
"आजी, मला माहीत नाही ते कसं लिहू?"
"तुमाला आमचा भरवसा न्हाय व्हय?"
भरवसा आहे. भरवसा निराळा, माहीत असणं निराळं. हे तिला कसं सांगायचं? ती उठून गेली. गंगू दारात थांबली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. लई बोलती ती." पण तिनंही वर बघितलं नाही.
मो. डॉ.पुढे बोलताना बरं वाटलं होतं. आज नाही.

ता. २२ एप्रिल, गुरु.
भरपाईच्या साहेबापुढे साक्ष झाली. पंखा असून घामानं लुगडं भिजलं. गिरणीच्या वकिलानं इंग्रजीतून घेरलं. म्हणाला, एका ओळीत छातीठोक, दुसऱ्या ओळीत अज्ञान. बाईंचं मन डळमळीत दिसतं.
मी इंग्रजीतूनच सांगितलं, जखम माझ्यासमोर होती, दारू पोटात गेली तेव्हा मी समोर नव्हते.
"म्हणजे ती आधी प्यायलेली असू शकते?"
"असू शकते."
मागे कुणीतरी मराठीत सांगितल्यावर गंगूच्या आईनं "आगं आई" म्हटलं ते ऐकू आलं.
"आणि हात दारात चेंगरला असू शकतो?"
"नाही."
"पॉसिब्ली?"
"नो."
आवाज चढला माझा. साहेबानं मान वर केली, काहीतरी लिहून घेतलं. निकाल मागाहून.
बाहेर गंगू लिंबाखाली उभी. आई पाठ करून पुढे चालू लागलेली. दोघींपैकी एकीनंही हाक मारली नाही.

ता. २४, शनि.
निकाल नाही. मो. डॉ.नी साहेबाकडे पाठवायचा टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'आय मे हॅव बीन मिस्टेकन', माझी चूक झाली असू शकेल. खाली माझं नाव, सहीला जागा. सही केली तर सोमवारी कामावर या, नाहीतर येऊ नका.
चूक होऊ शकते, कुणाचीही. म्हणून तर दारूबद्दल ठाम लिहिलं नाही. पण ही चूक मी केलेली नाही. कागद तसाच टेबलावर ठेवून आले.
दादाला सांगितलं. पानावरून उठला, हात धुतला, परत येऊन बसला. "मग सोमवारी काय करणार?"
नेहमीच्या वेळेला जाणार. आत घेतलं नाही तर बाहेर पायरीवर बसेन. बायका मुलं घेऊन येतात त्या मो. डॉ.ना नाही, मला दाखवायला येतात. तिथंच तपासीन. हाकलायचं तर त्या बायकांदेखत हाकला.