हाम्बोत माझा पाय बाईचा निघाला

ओवानबी, १४ मे

प्रिय सिग्नेताईस,

धाकट्या हेल्गेचा नमस्कार. तुझी कंबर, तुझे गुडघे आणि तुझी मांजर (याच क्रमाने, कारण पहिल्या दोन्हींबद्दल तू खरं सांगत नाहीस, मांजर निदान लंगडून दाखवते) सगळी ठीक असतील अशी आशा आहे. इकडे माझं बरं चाललं आहे. डाव्या नडगीवर एक निळा डाग आहे, उजव्या कोपरावर भिंतीवरच्या शिडीचा ठसा अजून आहे आणि गावात तोंड दाखवायला जागा उरलेली नाही; तेवढं सोडलं तर सर्व क्षेम. तू म्हणशील, एवढ्यासाठी कागद कशाला खराब केलास, फोन आहे ना. आहे. आठवड्यातून तीनदा करतो. तो तुझ्या सुंद्सवालच्या घरात वाजतो आणि बहुधा मांजर ऐकते. आर्व्हिदभावोजी गेल्यापासून दोन वर्षं हेच चाललं आहे, म्हणून आता पत्र. ते वाजत नाही, त्यामुळे तू उघडशील असं वाटतं.

तर सांगायची गोष्ट अशी की मी या वयात हाम्बो नाचायला शिकतो आहे. हसून घे. सगळं हसून झालं की पुढे वाच, मी थांबतो.

ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. फेब्रुवारीत गावमंडळाची वार्षिक सभा झाली. तुला ठाऊकच आहे, या सभेला जो जात नाही त्याच्या गळ्यात पद पडतं, म्हणून अख्खा गाव जातो. आणि जाणाऱ्यांसाठी सात प्रकारची बिस्किटं असतात. अकरावा विषय होता जुलैतल्या नाचाचा. खोऱ्यातल्या तीन गावांची एकेक जोडी जुन्या घरांच्या आवारात पहिला हाम्बो नाचते, त्यात आपल्या गावची जागा आईबाबांच्या वेळेपासून आपल्या घराकडे, आणि पुढे बावीस वर्षं तुझी नि भावोजींची. दोन वर्षं ती रिकामी आहे. यंदाही रिकामी राहिली तर नियमाप्रमाणे ओवानबीचं नाव यादीतून जाणार आणि तिथं नेदरबीची दुसरी जोडी उभी राहणार. (नेदरबी! जिथले लोक वेलदोड्याच्या बनवर साखर कमी भुरभुरतात आणि वर त्याला साधी राहणी म्हणतात.) सभेतले सगळे खिडकीबाहेर बघू लागले. तेवढ्यात शेजारच्या रुनेनं, ज्याच्या दारातला बर्फ मी एकवीस हिवाळे गाडीनं बाजूला केला त्या रुनेनं, हात वर केला. ‘हेल्गेच्या घरात नाच रक्तातच आहे. सहाव्या वर्षी स्वयंपाकघरात हाम्बो नाचायचा तो. त्यानंच सांगितलंय. दरवर्षी सांगतो, एल्कच्या शिकारीला बसलो की.’ आता ही बढाई मी मारली होती हे खरं आहे. पण शिकारीला आठ आठ तास गप्प बसून माणूस काय बोलेल आणि काय नाही! त्या क्षणी माझ्या तोंडात पाचवं बिस्किट होतं, बदामाचं, कोरडं. अध्यक्षबाईंनी विचारलं, सभेची संमती आहे का? माझ्याखेरीज सगळे ‘आहे’ म्हणाले. माझ्या तोंडून फक्त भुगा निघाला, आणि आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे होकार. अध्यक्षबाईंचा हातोडा पडला, इतिवृत्तात नाव गेलं. इतिवृत्तातलं नाव काढायला पुढची वार्षिक सभा लागते.

मग माझे गुरुवार सुरू झाले. शाळेच्या व्यायामशाळेत मार्गित शिकवते. चौतीस वर्षं तिनं त्याच जागी मुलांना दोरावर चढवलं, आता निवृत्त होऊन आम्हाला गरगर फिरवते. गुरुवार म्हणजे अर्थात आपल्याकडे घरोघर वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखे दोन वाडगे चापून गेलो. हाम्बोत माणूस फिरतो, सूप जरा मागून येतं, हे ज्ञान मला दहा मिनिटांत झालं. दुसरं ज्ञान बुटांचं. माझे बूट रबरी तळव्यांचे, त्यामुळे अंग फिरलं आणि गुडघे जागच्या जागी राहिले. ‘हेल्गे, तळवा चामड्याचा लागतो,’ मार्गित म्हणाली, ‘तू नाचायला आलायस की ब्रेक तपासायला?’ पुढच्या गुरुवारी बाबांचे जुने बूट माळ्यावरून काढले. ते दोन नंबरांनी लहान आहेत, पण माणूस कळवळला की आपोआप हलकी पावलं टाकतो, एवढा फायदा झाला.

तशी हाम्बोची रीत कागदावर अगदी सोपी. तीन ठोके असतात. आधी हात धरून शेजारी शेजारी बाहेर झुलायचं, आत झुलायचं, तीन पावलं पुढे जायचं, आणि मग एकमेकांना धरून गोल गोल. गुडघे मऊ ठेवायचे, पण उड्या मारायच्या नाहीत. पायांकडे बघायचं नाही, जोडीदाराच्या कानापलीकडे बघायचं. (माझी जोडीदार ग्रंथालयातली ब्रिता. तिच्या कानापलीकडे भिंतीवर आग विझवायचं नळकांडं आहे. त्यावरच्या सूचना मला आता पाठ आहेत. आग लागलीच तर कोर्स फुकट गेला असं म्हणता येणार नाही.) आणि सगळ्यात मुख्य म्हणजे दोघांनी थोडं थोडं मागे रेलायचं. मार्गित म्हणते, ‘तिला उचलू नकोस आणि तिच्यावर पडूही नकोस. तू रेल, ती रेलते. दोघांचं वजन सारखं झालं की नाच आपोआप फिरतो.’ ऐकायला छान वाटतं. पण मी जन्मभर बर्फ ढकलायची गाडी चालवली. समोर काही आलं की ढकलायचं, एवढंच मला येतं.

व्हायोलिन सुरू झालं की मी नि ब्रिता झुलायचो बरे. पण फिरायची वेळ आली की दोघंही थबकायचो. दारात दोन सभ्य माणसं समोरासमोर यावीत आणि ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत कुणीच आत जाऊ नये, तसं. मग दोघंही एकदम निघायचो आणि एकाच जागी एकाच पायानं पोचायचो. ब्रिता इतकी भली की प्रत्येक वेळी तीच माफी मागायची. तिसऱ्या गुरुवारी आम्ही माफी मागत मागत भिंतीवरच्या कसरतीच्या शिडीत गेलो. माझं कोपर तिसऱ्या दांडीत अडकलं, ब्रिताचा चष्मा माझ्या स्वेटरला अडकला, आणि आम्हाला सोडवायला रुने आला. (हो, रुनेही येतो. मजा बघायला येतो असं मी म्हणायचो, पण तो नाचतो बरा. हे त्याला कळवू नकोस.)

मार्गितनं लावलेलं संगीत बंद केलं. मला मधोमध उभं केलं आणि म्हणाली, ‘एकटा फिरून दाखव.’ मी फिरलो. ती चक्क जमिनीवर बसली आणि माझ्या पायांकडे बघत राहिली. बारा जोड्या भिंतीला टेकून बघत होत्या. ‘दुसऱ्या ठोक्याला तो उजवा पाय मागे का टेकवतोस?’ मी म्हटलं, हाम्बो तसाच असतो. ‘कुणी शिकवलं?’ म्हटलं, माझ्या बहिणीनं, सहा वर्षांचा असताना. मार्गित उठली, कपडे झटकले, माझ्या पाठीमागून हात घालून मला धरलं आणि रुनेला म्हणाली, ‘लाव रे.’

ताई, मी उडालो. खोटं नाही सांगत. आग विझवायचं नळकांडं किती वेळा आलं नि गेलं कळलं नाही. बाबांचे बूट चावायचे थांबले. माझे पाय आपापलं काम करत होते आणि मी नुसता मागे रेलून होतो. नाच संपला तेव्हा मार्गितला धाप लागली होती. ती सगळ्यांना म्हणाली, ‘गेल्या दहा वर्षांत या जागेवर अशी पावलं टाकलेली बाई मी पाहिली नाही.’ टाळ्या पडल्या. रुने पुढे आला, कमरेत वाकला आणि म्हणाला, ‘पुढचा हाम्बो माझ्याबरोबर कराल का?’ दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर गावभर तेच. केशकर्तनालयात तर मला विचारलं, पुढून थोडे मोठे ठेवायचे का.

तर हे सगळं तुझं काम आहे! घरी येऊन मी आठवत बसलो. तू अकरा वर्षांची, शाळेत मुलगे कमी म्हणून उंच मुलींना पुरुष करायचे, आणि तो धडा तू घरी माझ्यावर घोटायचीस. आई सतरंज्या उचलायची, रेडिओ लागायचा, आणि तू मला धरून चुलीपासून लाकडाच्या पेटीपर्यंत फिरवायचीस. तूच पुढे, मी मागे. बर्फावरच्या घसरगाडीवर तू उभी, मी बसलेला, तसंच. मला वाटायचं जग असंच चालतं. आणि एक गुपित आता सांगायला हरकत नाही. एकदा शिकारीच्या कट्ट्यावर आर्व्हिदभावोजी मला म्हणाले होते, ‘हेल्गे, मी फक्त बंडी घालून उभा राहतो. चालवते तीच. बावीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही.’ एवढं सांगून ते इतके खूश झाले की समोरून एल्क निघून गेला आणि आम्ही दोघं बघत राहिलो.

मला ते फार आठवतात. तुला किती आठवत असतील याचा अंदाज मला त्या व्यायामशाळेत आला. समोरच्यानं सोडलं की मागे रेललेला माणूस कुठे जातो ते मी शिडीत अडकून पाहिलं आहे. तू मात्र दोन वर्षं कुणाला हाक न मारता तशीच आहेस, आणि मला तुझी काळजी वाटते. असो. नडगीला मलम लावतो आहे. मांजरीचे माझ्याकडून लाड कर.

तुझा आज्ञाधारक (पुरावा वर दिलाच आहे) भाऊ,
हेल्गे

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. आपल्या गावचा तो लाल पट्ट्यांचा घागरा आणि चांदीच्या कड्यांची चोळी तुझ्याकडे कपाटात आहे. जुलैच्या पहिल्या शनिवारसाठी ती घागराचोळी लागेल. टपालानं पाठवू नकोस, चुरगळते. कुणाच्या तरी अंगावर आली तर बरं. मला ती होणार नाही. रुनेनं डोळ्यांनी माप घेतलं आहे.

ता. क. २. इतिवृत्तात माझ्या नावापुढे ‘जोडीदार’ अशी रिकामी जागा होती. परवाच्या बैठकीत मला विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. तोंडात काहीही नव्हतं, अगदी स्पष्ट सांगितलं. संमती आहे का? आहे. हातोडा पडला. काही तक्रार असल्यास पुढच्या फेब्रुवारीत ये.

ता. क. ३. मार्गितनं हे पत्र वाचलं आणि म्हणाली, खरं ते लिही. म्हणून लिहितो. तिनं त्यानंतरचे सात गुरुवार मला पुरुषाची पावलं शिकवली. मला ती आता येतात. गेल्या आठवड्यात ब्रिताला घेऊन मी दोनदा पूर्ण फेरी मारली, शिडीला हातही न लावता. म्हणजे तू आली नाहीस तरी ओवानबीचं नाव जाणार नाही, ब्रिता तयार आहे. गावाला तुझी गरज नाही, ताई. मला आहे. त्या शनिवारी सुंद्सवालहून बस सकाळी सव्वानऊला सुटते. मी इथल्या थांब्यावर बाबांचे बूट घालून उभा असेन. मला दोन्ही पावलं येतात. कुठली टाकायची ते तू उतरल्यावर सांग.