पुतळाबाईच्या चांदीची वाटणी

मी, श्रीमती पुतळाबाई रामनाथ तरे, वय सत्तरीच्या पुढे (दाखला नाही, अंदाज वकिलांचा), धंदा घरकाम असे कागदावर, प्रत्यक्षात घरातल्यांवर नजर ठेवणे, राहणार उंबरपाडा, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. कान थोडे गेले आहेत, पण ते सोयीचे पडते. मला कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलून पाहिले, त्याचे नाव पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या अंगठ्याचा कागद कोणी काढून दाखवला तर तो खोटा समजावा, कारण मी सही करते.

मजकूर मी सांगितला, वकीलसाहेबांनी उतरवला. त्यांनी मधे मधे 'सदर' घातले आहे, तिथे माझा इलाज चालला नाही.

एक. राहते घर. आमच्या जमिनीवर गोदामे उठली आणि हातात पैसा आला, तेव्हा माझे पती कैलासवासी रामनाथ यांनी सदर घर बांधले आणि माझ्या नावावर केले. लोकांनी विचारले, मुलगा असताना बायकोच्या नावावर कशाला? ते म्हणाले, "पोरगा चांगला हाय, पण सही करायला लय उतावळा हाय." हे घर मी माझा नातू प्रितम आणि त्याची बायको रुचिका यांना सारख्या हिश्शाने देते. माझा मुलगा चिंधू आणि सून कमळा यांनी हयात असेतो पुढच्या दोन खोल्यांत राहावे. चिंधूला घराबाहेर काढण्याचा हक्क कोणाला नाही, आणि घर गहाण टाकण्याचा हक्क चिंधूला नाही.

बँकेत जे असेल त्यातून माझे दिवसकार्य करावे. जेवणावळ साधी ठेवावी. मांडवात चिंधूचा फोटो असलेला बॅनर लावू नये, मेलेली मी असेन.

दोन. चांदी. हे कलम लांबणार आहे. वकीलसाहेबांनी चहा मागवला आहे.

जमिनीला भाव आला तसे आमच्याकडच्या बायकांच्या अंगावर सोने चढले आणि चांदी मोडीत गेली. चांदी म्हणजे भातशेतीतल्या चिखलाची आठवण, ती नको झाली. मी मोडली नाही. सासूने घातलेला कंबरपट्टा, दंडातल्या वाक्या, हातातले गोठ, पायातले तोडे, कुंकवाचा करंडा आणि पानाचा डबा एवढे माझ्याकडे राहिले. चिंधू म्हणायचा, "आये, लोका हसतात." त्याच्या गळ्यात तेव्हा बैलाला शोभेल अशी सोन्याची साखळी होती, तिला कोणी हसत नव्हते.

दोन हजार चार साली माझ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्यावर पट्टी असताना चिंधू माझ्या उशाशी येऊन बसला. जन्मात तो इतका वेळ माझ्याजवळ बसला नव्हता, तेव्हाच मला कळायला हवे होते. म्हणाला, "प्रितमच्या लग्नात नव्या सुनेला तुझा कंबरपट्टा नि वाक्या घालायच्या. काळ्या पडल्यात. पॉलिश करून आणतो." मी किल्ली दिली. वस्तू परत आल्या, त्याने त्या कपाटात ठेवून कुलूप लावले आणि किल्ली माझ्या हातात दिली; लग्नापर्यंत ते मी उघडले नाही.

त्याच नवरात्रात चिंधूने गावदेवीला चांदीचे छत्र वाहिले. छत्राच्या कडेने अक्षरे कोरली होती: 'श्री. चिंधूशेठ रामनाथ तरे यांजकडून.' ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. बँड लावला होता. मीही हात जोडले आणि रुकय्याला म्हटले, देवीने याला उशिरा का होईना बुद्धी दिली. रुकय्या माझी मैत्रीण, भिवंडीत तिच्या घरचे लूम आहेत. ती म्हणाली, "देवीला कशाला मधे घेतेस, पुतळा? निवडणूक म्हन."

पुढच्या वैशाखात प्रितमचे लग्न झाले. मुलगी पडघ्याची, रुचिका. तिच्या वडिलांचा हायवेवर ट्रकच्या सामानाचा धंदा. त्यांनी रुखवतात चांदीची ताटे, वाट्या आणि हातभर उंचीच्या समया मांडल्या होत्या. समोर आमच्या बाजूने मुलीला घालायचा कंबरपट्टा आणि वाक्या. दोन्हीकडचे लोक एकमेकांचे सामान असे पाहत होते, जसे काही आपण पाहतच नाही.

चिंधूने एक ताट उचलले, हातात तोलले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "व्याही, ताट हलका लागतोय. आमच्या आयला बघू दे. तिला चांदीतला कळतं."

व्याह्यांचा चेहरा पडला, पण आवाज चढला. "बघा ना. खुशाल बघा. पन मग तुमचापन बघायचा."

"आमचा?" चिंधू हसला. "आमचा तर पिढीजात हाय." हे बोलताना त्याला हिंमत कुठून आली, हे मला आजही कळलेले नाही. मला वाटते, बँडच्या आवाजात तो स्वतःच विसरला होता.

मला खुर्ची दिली. मी सरबताच्या पिंपातला बर्फ मागवला. इथे सांगून ठेवते, म्हणजे माझ्यामागे कोणी फसणार नाही. चांदी उष्णता भराभरा ओढते. खऱ्या चांदीवर बर्फ ठेवला की तो बघता बघता पाणी होतो. जर्मन सिल्व्हरच्या नावात चांदी असते, अंगात तांबे, जस्त आणि निकेल. त्याच्यावर बर्फ मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा बसून राहतो.

मी माझ्या पानाच्या डब्याच्या झाकणावर एक खडा ठेवला, पडघ्याच्या ताटात दुसरा, कंबरपट्ट्याच्या पुढच्या नक्षीदार पेटीवर तिसरा. सगळा मांडव वाकून बघत होता. भटजीसुद्धा. डब्यावरचा खडा विरघळला आणि पाणी माझ्या लुगड्यावर ओघळले. ताटातला तसाच होता. चिंधूच्या तोंडावर हसू आले. मग मी कंबरपट्ट्याकडे पाहिले. तिथला खडाही तसाच होता.

मी कंबरपट्टा उचलून डब्यावर वाजवला. माझ्या सासूच्या पट्ट्याला घंटेसारखा लांबणारा नाद होता. हा पत्र्याच्या डबड्यासारखा बोलला. नक्षी तीच, पेटीवरचे मोर तेच, पण मोरांच्या डोळ्यांत झीज नव्हती. तीन पिढ्यांच्या बायकांची बोटे त्या मोरांवरून फिरली होती. हे मोर कालचे होते.

"दोनी खोटा," मी म्हटले.

मग जे व्हायचे ते झाले. व्याही म्हणाले आम्हाला फसवले, चिंधू म्हणाला आम्हाला फसवले, आणि दोघेही खरे बोलत होते. चिंधू ओरडला, "लग्न न्हाय लागनार." व्याह्यांनी मांडवाबाहेर ट्रक लावायला सांगितला, सामान परत न्यायला. प्रितम मुंडावळ्या बांधून खांबाशी उभा, बाप काय म्हणतो ते ऐकत. नातू माझा आहे, तरी लिहून ठेवते, त्या वेळी त्याच्यापेक्षा खांब बरा वाटला.

तेवढ्यात आतून रुचिका आली. हळदीच्या हातांची ती, तिने ताटाकडे पाहिले, कंबरपट्ट्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाली, "आजी, दोनी बाजूंनी सारखाच खोटा निघाला, म्हनजे हिशेब फिटला ना? आता माझ्यात नि प्रितममधे काय खोटा हाय का, ते त्याला विचारा. नसेल तर भटजींना बोलवा. असेल तर मी जेवून घरी जाते, सकाळपासून उपाशी हाय."

प्रितम खांब सोडून पुढे आला. "न्हाय," एवढेच म्हणाला. त्याच्या बापासमोर त्याने उच्चारलेला तो पहिला नकार, आणि तो नेमका कामाला आला.

मी माझे पाय पुढे केले आणि मुलगी हौसाला साबणाचे पाणी आणायला सांगितले. तोडे माझ्या लग्नापासून पायात होते, घोटे त्यांच्याभोवती जाड झाले होते. हौसाने साबण लावला, ओढले, मी दात खाल्ले. डावा निघाला, उजव्याने कातडे नेले. दोन्ही मी रुचिकाच्या पायात घातले आणि भटजींना म्हटले, आता उशीर नको. माझे पाय इतके हलके झाले की मंगलाष्टकांना उभी राहताना तोल गेला. रुकय्याने धरले. मी रडले ते दुखल्यामुळे, असे मी तेव्हा सांगितले होते. तेच कायम समजावे.

लग्नानंतरच्या पूजेच्या दिवशी मी चिंधूला समोर बसवले. "चांदी कुठं गेली?"

"देवीला वाहिली."

"कोनी?"

"मी."

"कोनाची?"

त्याने गळ्यातली साखळी सदऱ्यात सारली. मग म्हणाला, "आपलीच ना."

निवडणुकीत तो पडला. देवी छत्राखाली बसून सगळे पाहत होती.

तीन. म्हणून वाटणी अशी. पायातले तोडे रुचिकाला दिलेले आहेतच, ते तिचेच. लग्नानंतर ती वज्रेश्वरीला दर्शनाला गेली आणि तोड्यांसकट गरम कुंडात उतरली. वर आली तो तोडे कोळशासारखे. पोरगी रडत माझ्याकडे आली, "आजी, हेपन खोटे निघाले." मला इतके हसू आले की सांगता येईना. कुंडाच्या पाण्यात गंधक असते. खरी चांदी त्याने काळी होतेच. मी रिठ्याच्या कोमट पाण्यात तोडे भिजवले, मऊ कापडाने पुसले, दोघींनी मिळून ओटीवर बसून उजळ केले. त्या दिवसापासून ती मला आजी म्हणते ते मनापासून.

हातातले गोठ हौसाला. ती अंबाडी गावाला असते आणि 'साबण मी लावला, तोडे मात्र रुचिकाला', हे दर दिवाळीला ऐकवते. हौसाने गोठ वर्तमानपत्रात गुंडाळून रबर बँड लावू नये. कागदाने आणि रबराने चांदी काळवंडते. कोरडे करून जुन्या सुती कापडात ठेवावे, सोबत खडूचा तुकडा टाकावा, तो ओल ओढतो. सगळ्यात बरे म्हणजे रोज घालावे. अंगावरची चांदी कपाटातल्या चांदीपेक्षा उजळ राहते.

कुंकवाचा करंडा सून कमळाला. तो तिने टीव्हीवर बघून टूथपेस्टने घासला आहे आणि त्यावरची लक्ष्मी आता ओळखू येत नाही. तिने केलेले काम तिच्याचकडे राहावे.

पानाचा डबा रुकय्याला. त्यातले अर्धे पान तिनेच खाल्लेले आहे.

खोटा कंबरपट्टा, खोट्या वाक्या आणि व्याह्यांनी परत न नेलेली ताटे, वाट्या, समया हे सगळे चिंधूला. त्याची विशेष निगा लागत नाही आणि चोराची भीती नाही.

चार. गावदेवीचे छत्र. सदर छत्रातली चांदी माझी आहे. जी माझ्या नकळत वाहिली गेली ती मी आता स्वखुशीने देवीला देते. देवीकडून परत मागण्याइतकी मी चिंधूशेठ नाही. पुजाऱ्याने छत्र लिंबाने किंवा राखेने घासू नये. छत्रावरचे चिंधूचे नाव खोडून टाकावे.

हे मृत्युपत्र आज वाचून दाखवत असताना, मला गाडीने घेऊन आलेला चिंधू दाराबाहेर बाकावर बसला होता. घराचे कलम झाले, तो बाकावरून उठला नाही. खोट्या ताटांचे झाले, तेव्हाही नाही. छत्राचे कलम ऐकून तो आत आला. साखळी हल्ली घालत नाही. म्हणाला, "आये, बाकीचा सगळा बरोबर हाय. तेवढा नाव राहू दे. पोरा देवळात जातात, खोडलेला दिसंल."

मी वकीलसाहेबांना थांबवले. खोडलेले नाव लोक जास्त वाचतात, हे त्याला कळले म्हणजे थोडी बुद्धी आली म्हणायची. म्हणून चौथ्या कलमात अशी दुरुस्ती करते: चिंधूचे नाव खोडू नये. त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, चिंधूच्या खर्चाने, 'चांदी आईची, न विचारता' असे कोरून घ्यावे.

त्याने विचारले, "न विचारता लिहायलाच हवा का?"

मी म्हटले, "मग आता विचार."

आणि भर ऑफिसात, वकिलांसमोर, साक्षीदारांसमोर त्याने विचारले. मी हो म्हटले. वकीलसाहेबांनी शेवटचे दोन शब्द माझ्यासमोर खोडले, तिथे माझी छोटी सही आहे.

मृत्युपत्राची अंमलबजावणी रुचिकाने करावी.

सही: पुतळाबाई रामनाथ तरे

आमच्यासमोर सही केली, शुद्धीवर होत्या, आमच्यापेक्षा जास्त:
साक्षीदार १. नूर मोहम्मद मुल्ला, भिवंडी
साक्षीदार २. भाविक भोईर, उंबरपाडा

स्थळ: भिवंडी
दिनांक: १२ फेब्रुवारी २००८