लांबून दिसणारा दिवा

९ नोव्हेंबर १९४४

पुन्हा दिवा विझला! विट्याच्या वाटेवर, चढ संपतो तिथंच. हा रॉकेलचा दिवा वाऱ्यापुढे टिकतच नाही. सायकल ढकलत कडेगावला परत.

दवाखाना बंद होईतो दिवेलागण होते. अंजनाला भेटायला मग रात्रच उरते. दिवाळीला माहेरी, विट्याला गेली ती गेलीच. निघताना म्हणाली होती, "तुमी दिसभर औषदाच्या बाटल्या भरनार. मी काय भिंतींशी बोलू?"

आता भिंतींशी मी बोलतो.

११ नोव्हेंबर

इमामच्या सायकल दुकानात बराच वेळ बसलो. कारबाईटचा दिवा चांगला, पण वास! आधीच माझ्या अंगाला औषधांचा वास – तिला तो आवडत नाही. डायनामोनं पाय भरून येतात, पण उजेड लख्ख. इमाम म्हणाला, "कंपाउंडर, ह्योच घ्या. कोसभर लांबनं दिसतुया."

घेतला. तिला लांबूनच दिसायला हवा, मी येतोय ते.

१४ नोव्हेंबर

काय उजेड! वाटेतला खडा न् खडा दिसत होता. पण वस्ती आली की दारं धडाधड बंद. विट्यात सासऱ्यांच्या माडीच्या खिडकीत कंदील दिसला – आणि मी गल्लीत वळताच विझला!

हाक मारायला हवी होती. नाही मारली. मी इतका नकोसा झालो असेन तर कशाला मारू? तसाच मागे फिरलो.

१५ नोव्हेंबर

दिवसभरात बोललो ते एवढंच – "बाटली हलवून घ्या."

१७ नोव्हेंबर

वाटेवरच्या वस्तीतली रंगूबाई खोकल्याचं औषध न्यायला आली. "तेरवा राच्चं पोलिस आल्ता सायकलवर! चुलीत पानी वतून गप बसलो आमी."

पोलिसच कशावरून?

"आवं, येवढा दिवा सरकारबिगर कुनाकडं आसतुया?"

आता कळलं, माडीतला कंदील का विझला. अंजनाचा भाऊ धुळा चळवळीत आहे, फरारी – हे इथे लिहू नये खरं तर. अधूनमधून रात्री घरी जेवायला येतो. आणि मी गाढव लख्ख दिवा लावून त्यांच्या दारात!

१८ नोव्हेंबर

डायनामो काढून ठेवला. अंधारातच गेलो, दोनदा पडलो. खिडकीत कंदील होता. या खेपेला हाक मारली.

अंजनानं दार उघडलं, माझा फुटलेला गुडघा पाहिला आणि रडायलाच लागली. धुळा सुखरूप आहे. रॉकेल रेशनवर, मग हा कंदील कुणासाठी जाळतेस, मी विचारलं.

"कुनासाठी म्हंजी? दिवाळीपास्नं रोज लावतीया. तुमचा दिवा वाटंत इझतो न्हवं!"