इस्त्रीची घडी

बाबा,

मी दुपारीच परत आले. तुम्ही डुलकी काढत होता, म्हणून ही चिठ्ठी शिलाई मशीनवर ठेवून माडीवरच्या खोलीत गेलेय. वर येऊ नका. कोरोनाच्या टेस्टमध्ये दोन रेघा आल्या. नवा व्हेरिएंट म्हणजे नुसती सर्दी, असं आमच्या तिकीट खिडकीवर सगळे छातीठोकपणे सांगतात. तुमच्या दम्याला ते कुठे माहीत आहे? ताट पायरीवर ठेवा, हाक मारा आणि खाली जा. घसा जरा जरी खवखवला तरी लगेच सांगा. पंप मशीनच्या खणात, रिळांच्या मागे आहे.

आणखी एक. तोंडावर सांगायची हिंमत नाही. तुम्ही शिवलेला मास्क मी रोज लावून निघायचे आणि कोपरा वळला की काढून पर्समध्ये टाकायचे. खिडकीवर सगळे हसायचे, "आल्या डॉक्टरीणबाई!" मग घरी येताना दाराशी पुन्हा लावायचे आणि तुमच्या शेजारी बसून जेवायचे.

आज घसा दुखत होता, म्हणून भीतीने सकाळपासून लावूनच ठेवला. दुपारपर्यंत इस्त्रीची घडी पार चुरगळली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोज संध्याकाळी मी तुमच्या हातात कडक घडीचा मास्क देत होते! जन्मभर शिंपीकाम केलेल्या माणसाला ते कळलं नसेल?

तरी तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. रोज धुऊन, इस्त्री करून दाराशी अडकवत राहिलात.

आज घडी मोडली, बाबा.