मोसंबीच्या बाटल्या

२० मार्च
आज प्रवीणशी तह झाला. त्याने गाडी घेतलीय (तिसऱ्या मालकाची, पण आमच्याकडे नवीकोरी), तिला उन्हातान्हात ठेववत नाही, म्हणून पोर्च पाहिजे. आणि पोर्चच्या जागेवर नेमकी माझी मोसंबी. अंबडहून एसटीत आणलेलं कलम. एका मांडीवर ते, दुसऱ्या मांडीवर हाच प्रवीण.
सकाळी म्हणाला, "आई, तुला रसच पायजे न? वर्षभराचा बाटल्यात भरून घे. मंग झाड काढू."
मी "बरं" म्हणाले. कसं म्हणाले देव जाणे. हे पेपरातून डोकं वर काढून माझ्याकडे बघतच राहिले. लग्नाला एवढी वर्षं झाली, इतक्या लवकर "बरं" त्यांनाही कधी मिळालं नव्हतं.
शब्द दिला तर दिला. आता काम फर्स्टक्लास करायचं.

२२ मार्च
सुजाताच्या स्कुटीवर मागे बसून जुन्या जालन्यात. सून गाडी चालवते चांगली, पण खड्डा दिसला की डोळे मिटते. काचेच्या बाटल्या घेतल्या. दुकानदार म्हणे, "मावशी, कारखाना काढून राह्यल्या का काय?" म्हटलं, हो, तुम्हाला वॉचमन ठेवते.
दुपारी बाटल्या उकळून गच्चीवर फडक्यावर पालथ्या घातल्या. ह्यांचा शेरा : "दवाखाना उघडला वाटतं."

२५ मार्च
आधी लिंबू-पुदिना, हात बसावा म्हणून. लिंबं आणि पुदिना दोन्ही घरचं, आलं बाजारचं. पाक जरा पुढे गेला, तार धरली, पाणी घालून मागे आणला. शेजारच्या पद्माबाईंनी दोन पेले पिऊन "मस्त जमलं बगा" म्हणून दाद दिली. तिसराही घेतला.
हाताला अजून पुदिन्याचा वास आहे. छान वाटतंय.

२९ मार्च
आज मोसंबी. हे सोलायला बसले. सोलली थोडी, खाल्ली फार. फोडी मिक्सरमधून काढल्या, रस गाळला, साखर, चिमूटभर लिंबूसत, गरम करून बाटल्यांत. मग मोठ्या पातेल्यात तळाला फडकं घालून भरलेल्या बाटल्या पुन्हा उकळल्या. कपाटात रांग लावली, फिकट पिवळी. अशी देखणी!
प्र. आला, बघून खूश. "झालं की गं आई तुझं."
हो ना, झालं माझं. जेवण गेलं नाही.

४ एप्रिल
चव बघायला एक बाटली फोडली. कडू! साधी नाही, काडेचिराईत.
सु. हळूच म्हणाली, "आई, बी गेली असंल मिक्सरला." गेलीच असणार. बिया आणि आतल्या पांढऱ्या साली न काढता फोडी तशाच घातल्या होत्या, कामचुकारपणा नडला. सगळ्या गल्लीला लोणची शिकवणारी मी! प्र.ला काही बोलले नाही. उद्या पुन्हा. मिक्सर बंद, सगळं हाताने, बी नाही, पांढरी साल नाही.

१० एप्रिल
दुसरी खेपही कडू. एवढं निगुतीने करून!
चिडून बाहेर गेले, झाडाची एक तोडली, तिथेच पेल्यात पिळली. गोड. बाटलीतला पेला शेजारी ठेवला. एक घोट इकडचा, एक तिकडचा. झाड तेच, हात तेच. म्हणजे खोट बियांत नव्हती की माझ्यात. मोसंबीचा रस तापवून ठेवला की कडू होतो, बस.
आणि मला आनंद झाला. एवढी साखर वाया गेली आणि मी पायरीवर बसून एकटीच हसत होते. प्र.ला सांगायला हवं. पण मुद्दाम बिघडवलं असं त्याला वाटलं तर? चौदा तारखेची जयंती होऊ दे, मग सांगते.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणूक आमच्या गल्लीतून जाते, म्हणून दरवर्षीसारखं फाटकात सरबताचं टेबल. लिंबू-पुदिना भराभर संपला. एवढ्यात प्र. आतून कपाटातली मोसंबी घेऊन हजर. मी "अरे थांब, थांब" म्हणेपर्यंत पहिला पेला पद्माबाईंच्या हातात, लोकांसमोर.
त्यांचं तोंड! "वैनी, सरबत हाय का काढा?"
धरणी दुभंगावी असं झालं. सगळे हसले, मग मीही हसले, काय करणार. हे स्टुलावर चढले आणि झाडाची तोडून खाली द्यायला लागले. सु. कापते, प्र. पिळतो, निळ्या कोऱ्या शर्टावर रसाचे ओघळ. झाडाच्या सावलीत रांग लागली. झाडावर एक फळ उरलं नाही. बँडवाले दोनदा पिऊन गेले.
मजा आली. फार मजा आली.

१६ एप्रिल
सकाळीच मिस्त्री टेप घेऊन आला. खड्डा कुठे घ्यायचा म्हणे.
प्र. म्हणाला, "थांबा, आईचं झालं का इचारतो." आणि तिथूनच ओरडला, "आई, बाकीच्या बाटल्या तरी चांगल्या हायेत का गं?"
हात पुसत बाहेर गेले. म्हटलं, "नाही रे. दोनदा केल्या, जीव लावून केल्या. मोसंबी बाटलीत नाही राहत."
"मंग?"
"मग काय. ती झाडावरच राहते."
तो गाडीकडे बघत उभा राहिला. मग झाडाकडे. पुन्हा गाडीकडे. मला गप्प राहणं जमतं, हे मलाही आजच कळलं.
मिस्त्रीने टेप गुंडाळली, पण खिशात नाही घातली. प्र. त्याला म्हणाला, "बसा तर खरं. च्या घेऊ आधी."
साखर जास्त घालून चहा टाकला आहे.