ओरखड्यांचा मंगळ्या

३ नोव्हेंबर १९६३, रविवार
सकाळच्या गाडीने बडनेऱ्याहून अकोला. देशमुख सर खरंच सिनेमा काढताहेत. कॉलेजात मला फिजिक्स शिकवायचे तेव्हाही असेच होते, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. परदेशातून आणलेला छोटा कॅमेरा. आवाज नाही, नुसतं चित्र. गोष्ट अशी: मंगळावरून एक जण येतो, जिथे जाईल तिथला उजेड पिऊन टाकतो. एक शास्त्रज्ञ बाई त्याला परत पिटाळते. बाई म्हणजे सरांच्या मिसेस, सुधावहिनी. मंगळ म्हणजे जिनिंगच्या आवारातले कापसाचे ढीग. कॅमेऱ्यातून पाहिलं, खरंच दुसऱ्या ग्रहावर आल्यासारखं वाटलं. मी अमरावतीला शाळेत ड्रॉइंग शिकवते म्हणून पडदे रंगवायला मी.

मंगळ्या म्हणजे भाऊराव इंगळे. पोस्टात काउंटरवर असतात, नाटकात दरवर्षी खलनायक. बाबांनी (रेल्वेत फिटर) त्यांच्या मापाचा पत्र्याचा पोशाख ठोकून दिलाय. बाबांना वाटतं मी फार मोठं काहीतरी करते आहे. वाटू दे.

२४ नोव्हें., रवि.
मुंबईहून फिल्म धुऊन आली. सरांच्या घरी भिंतीवर चादर लावून पाहिली. कॉलेजची पंधरा-वीस मुलं होती. कापूस झकास. वहिनी झकास. मग मंगळ्या आला आणि मुलं हसायला लागली. एक जण म्हणाला, "पोस्टातले काका!" मग तर कोणी थांबेचना.

स्टेजवर भाऊराव नुसते खाकरले तरी पुढच्या रांगेतली पोरं आईला चिकटतात. पण ती सगळी आवाजाची करामत. इथे आवाज गेला, उरला पत्रा आणि पत्र्यातून दिसणारं ते प्रेमळ तोंड. भा. स्वतःही हसले. चहा मात्र अर्धा सोडून गेले.

१ डिसें., रवि.
भा. आले नाहीत. निरोपही नाही.

सरांची नवी कल्पना: माणूसच नको. मंगळ्या चित्राचा, बाकी सगळे जिवंत. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मी कागदाला घाबरू?"  मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

५ डिसें.
खराब झालेल्या पट्टीवर प्रयोग. फिल्मचा काळा थर सुईने खरवडला की तेवढ्या जागेतून दिव्याचा उजेड थेट येतो. चौकट नखाएवढी. डोळ्याला भिंग, हातात आईची गोधडीची सुई. दोन चौकटींत ओरखडा कधीच सारखा येत नाही, म्हणून पडद्यावर आकृती सारखी थरथरते. मला वाटलं ही चूक. सर म्हणाले, हेच तर पाहिजे.

उजेड पिणारा उजेडाचाच बनलेला. कल्पना आवडली. आई म्हणते, डोळे फोडून घेऊन राहिली काय?

१५ डिसें., रवि.
वहिनींचा एकटीचा एक शॉट होता, त्यात शेजारी मंगळ्या खरवडला. आज पाहिला. फसलं. वहिनी बघतात एकीकडे, मंगळ्या उभा दुसरीकडे. शिवाय तो चालत नाही, नुसता सरकतो. फळ्यावरचं खडूचं चित्र सुटून फिरावं तसं. कोणी हसलं नाही, कोणी घाबरलंही नाही. त्यापेक्षा हसलेलं परवडलं.

परत स्टेशनवर न जाता भा.च्या घरी गेले. त्यांच्या आईने बसवलं, चहा केला. भा. बोलायला तयार नव्हते. सगळं सांगितलं तेव्हा म्हणाले, "चित्राले कोन भेते, विमलबाई? समोर कोनी असलं त माणूस भेते."

तेच सांगायला आले होते, म्हटलं. तुम्ही वहिनींसमोर उभे राहा, चाला, अंगावर जा. पत्रा नको. मग मी चौकटीचौकटीतून तुमच्यावर सुई चालवते. तुम्ही दिसणार नाही, पण चाल तुमची राहील.

भा.नी बशी खाली ठेवली.
"म्हंजे मेहनत मायी, अन् मीच गायब?"
हो म्हटलं. खोटं कशाला सांगायचं.
आतून त्यांच्या आईच्या हसण्याचा आवाज आला.

२२ डिसें., रवि.
आले! साध्या सदऱ्या-पायजम्यात. एक शब्द न बोलता कापसाच्या ढिगावरून वहिनींकडे चालत गेले. सावकाश, मान किंचित वाकडी. वहिनी मागे सरताना खरोखर पडल्या. नंतर म्हणाल्या, अॅक्टिंग नव्हती ती. भा. दिवसभर खुशीत. कापूस केसांत घेऊनच घरी गेले.

१२ जाने. १९६४
फिल्म आली. रोज शाळेनंतर दिवेलागणीपर्यंत सुई. भा.चा हात, भा.ची पाठ, भा.चं तोंड खरवडते आहे. काल तोंडापाशी आले आणि उगाच जरा थांबले. मग केलं. बोटाला घट्टा पडला. मुली विचारतात, बाई काय शिवता?

९ फेब्रु., रवि.
कॉलेजचा हॉल गच्च. मंगळ्या ढिगामागून वर आला, आणि हॉल गप्प. कोणी हसलं नाही!! एक लहान मुलगी रडायला लागली, तिला बाहेर न्यावं लागलं. सर माझा हात धरून जोरजोरात हलवत होते.

भा. आईला घेऊन आले होते. पडद्यावर भा. कुठे आहेत हे म्हातारीला कोणी दाखवलेलं नव्हतं. ती पडद्याकडे बघत एकदम म्हणाली, "भाऊ, तुह्या बापाची चाल हाय ही."  भा. चष्मा काढून पुसत राहिले.

परतताना गाडीत हसू येत होतं. समोरच्या बाईंनी विचारलं, लग्न ठरलं का?

१० फेब्रु.
सरांचं म्हणणं, चित्र जिंकलं. पुढच्या सिनेमात सगळंच काढायचं, माणसाचा आधारही नको. भा. म्हणतात, माणूस जिंकला, चित्र म्हणजे नुसता सदरा. दोघेही मला विचारतात. मला दोन्ही पटतं, जो समोर असेल त्याचं जरा जास्त.

२० फेब्रु.
रविवारी आमच्या शाळेत खेळ. शेवटचा तुकडा सरांनी नव्याने घेतला, काल आला: मंगळ्या जाता जाता वळून बघतो. सरांचा हुकूम, नेहमीसारखा पूर्ण खरवड.

अंग खरवडलं. मानेपाशी थांबले. उजेडाचं अंग आणि वर भाऊरावांचं तोंड, चष्म्याशिवाय. भिंगातून बघितलं तर काटा आला. पण भिंगातून मी एकटीच बघते. चादरीवर पाहिलं तेव्हा पोरं याच तोंडाला हसली होती.

२२ फेब्रु., शनि.
भा. सरांचा प्रोजेक्टर घेऊन अमरावतीला आले. एकट्यांनाच तो तुकडा दाखवला, पट्टी खिडकीपाशी धरून. म्हटलं, तोंड झाकायला अजून तासभर आहे हातात, तुम्ही सांगाल तसं करते. सरांना मी बघून घेईन.

पट्टी उजेडाकडे धरून किती तरी वेळ बघत होते.
"हसले त हसू द्या," म्हणाले. "तोंड त मायं हाय."

सुई डबीत ठेवली. उद्या चार वाजता. सातशे मुली, आणि त्या कशालाही हसतात.